कामाचा माणूस दिसला पाहिजे

होळी झाली की नागपुरात गच्चीवरचे, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. गवताच्या ताट्या बदला, टाकीला रंग मारा, पंप पाणी चढवतो का बघा, ही गडबड महिनाभर चालते. एप्रिलात पारा चाळिशीपार गेला की एसीवाल्यांची पाळी येते आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागेपर्यंत चांगल्या मेकॅनिकने फोन उचलणंच कठीण होऊन बसतं. २०१३ च्या मे महिन्यात या शहराने ४७.९ अंश पाहिले आहेत. तसल्या दुपारी ज्यांचा एसी बंद पडतो ते जाहिराती वाचत बसत नाहीत. ओळखीत विचारतात आणि मिळेल तो नंबर लावतात. पुढे जूनअखेर दोन चांगले पाऊस झाले की तोच मेकॅनिक, ज्याला महिनाभर धड जेवायला फुरसत नव्हती, स्पेअर पार्टच्या दुकानासमोर गाडी लावून उभा असतो. फोन वाजत नाही.

त्या दिवसांत मी त्यांना शिकवते. एसी-फ्रिजवाले, कूलर-मोटार दुरुस्त करणारे, गिझर आणि आरओची कामं करणारे, इन्व्हर्टरवाले, सीसीटीव्ही लावणारे. रविवारी दुपारी सक्करदऱ्याकडच्या एका हॉलमध्ये बसतो. विषय एकच, मोबाईलवर आपला धंदा कसा मांडायचा. बहुतेक जण आयटीआय झालेले असतात, काही जण उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. मला ‘मॅडम’ म्हणतात, वयाने मोठे असलेले ‘ताई’ म्हणतात.

पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येकाची मागणी सारखीच असते. ‘मॅडम, एक मस्त पोस्टर बनवून द्या.’ वर देवाचा फोटो, मध्ये बर्फासारखा निळा एसी, इंटरनेटवरून घेतलेला एक गोरा हसरा माणूस हातात पाना धरून उभा, खाली ‘हमारे यहाँ सभी प्रकार के एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन रिपेअर किए जाते हैं’. असं पोस्टर बनवायला पाच मिनिटं लागतात. पण मी ते बनवून देत नाही. पोस्टरमधला तो गोरा माणूस नागपुरातल्या कुठल्याच घरी जाणार नसतो. जाणारा माणूस माझ्यासमोर बसलेला असतो आणि पोस्टरमध्ये नेमका तोच नसतो.

गिऱ्हाईक आपल्यापर्यंत कसं पोचतं, हे आधी नीट पाहायला हवं. महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांत अजूनही शेजारच्या काकू गॅलरीतून नाव सांगतात. तिथे मोबाईलचं फार काम नाही. पण शहर दक्षिणेकडे पसरत गेलं. मनीषनगर, बेसा, वर्धा रोडच्या बाजूचे नवे फ्लॅट. २०१९ मध्ये मेट्रो पहिल्यांदा धावली तीही याच वर्धा रोडवरून, सीताबर्डी ते खापरी. तिथे राहायला आलेली माणसं कोणी यवतमाळची, कोणी रायपूरची, कोणी पुण्याहून बदलून आलेली. शेजारी कोण राहतं हेच धड माहीत नाही, तर मेकॅनिक कुठून माहीत असणार! मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहितं, ‘एसीवाला कोणी चांगला असेल तर सांगा ना’. दहा मिनिटांत दोन-तीन नंबर येतात. नंबर टाकणारे ‘चांगला आहे’ एवढंच म्हणतात. ज्यांचा एसी बंद आहे ते त्या नंबरांवर बोट ठेवतात, आणि समोर प्रोफाइल उघडतं.

तिथे वाघाचा फोटो असतो. किंवा गुलाबाचं फूल, किंवा क्रिकेट टीमचं चिन्ह, किंवा पुतण्याच्या बारशाचा केक.

हा क्षण मी वर्गात फार वेळ धरून ठेवते, कारण सगळा निकाल इथे लागतो. घरी दुपारी कोण असतं? बहुतेक वेळा एकटी बाई, नाहीतर म्हातारे आईवडील. अनोळखी पुरुषाला घरात घ्यायचं, तेही थेट बेडरूममध्ये, कारण एसी तिथेच असतो. त्या बाईच्या मनात पहिला प्रश्न दराचा नसतो. हा माणूस कसा आहे, हा तिचा प्रश्न असतो. तिच्यासमोर तीन नंबर आहेत. एकावर वाघ आहे, एकावर काहीच नाही, आणि एकावर तुमचा चेहरा आहे. स्वच्छ शर्ट, मागे तुमची गाडी, गाडीला अडकवलेली टूल बॅग, खाली तुमचं नाव आणि ‘एसी व फ्रिज दुरुस्ती, मानेवाडा, सकाळी ९ ते रात्री ८’. ती कोणाला फोन लावेल? मी स्वतः बाई आहे, एकटी असताना असे नंबर शोधलेले आहेत, म्हणून हे मी ठासून सांगते. वर्गात थोडा वेळ शांतता होते. मग एकमेकांचे फोटो काढायला सगळे हॉलबाहेरच्या कडुनिंबाखाली जातात, कारण आतल्या ट्यूबलाइटमध्ये चेहरे काळवंडतात. केस नीट करायला कोणीतरी कंगवा काढतो. माझा सगळ्यात आवडता तास हाच.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८ च्या जानेवारीत आलं. ते फुकट आहे. त्यात कामाच्या वेळा टाकता येतात, कामांची यादी चित्रांसकट लावता येते, आपण बाहेर असताना आपोआप जाणारा निरोप ठेवता येतो, गिऱ्हाइकांना रंगीत लेबलं लावता येतात. लेबलांची गोष्ट मेकॅनिकांना लगेच पटते. ‘पैसे बाकी’, ‘पार्ट मागवला’, ‘सर्व्हिसिंग मार्चमध्ये’ अशी लेबलं ते स्वतःच सुचवतात. डायरीत लिहिलेलं डिक्कीत भिजून जातं, हे सगळ्यांनी भोगलेलं असतं.

एक बारीक गोष्ट मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. ब्रॉडकास्टच्या, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायच्या, एका यादीत २५६ जण घेता येतात खरे, पण निरोप फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला आहे. म्हणजे पाचशे गिऱ्हाइकांचे नंबर तुमच्याकडे असून उपयोग नाही, तुमचा नंबर त्यांच्याकडे पाहिजे. म्हणून काम आटोपल्यावर पैसे घेताना एक वाक्य बोलायची सवय लावा: ‘काकू, नंबर सेव्ह करून घ्या, एसी मानेवाडा म्हणून.’ लोक नावाने सेव्ह करत नाहीत, कामाने आणि वस्तीने करतात. नागपुरातल्या कोणत्याही फोनमध्ये बघा, ‘प्लंबर मेडिकल चौक’, ‘कूलरवाला त्रिमूर्तीनगर’ सापडेलच. लोक जसं शोधतात तसं आपण असावं.

आता व्हिडिओकडे येते, कारण माझा खरा जीव त्यात आहे.

मानेवाड्याकडचा एक एसी मेकॅनिक वर्गात कधी बोलत नसे. मागे बसायचा, वहीत लिहायचा. एकदा मी विचारलं, गिऱ्हाईक तुमच्याशी सगळ्यात जास्त कशावरून भांडतं? तो म्हणाला, ‘गॅसवरून, मॅडम. दरवर्षी गॅस भरून देणारे भेटतात त्याहिले. मी म्हणतो लीक शोधू, त त्याहिले वाटते मी बिल वाढवून राह्यलो.’ आणि मग हा अबोल माणूस न थांबता बोलत राहिला. एसीमधला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही. सगळी नळी बंद असते. गॅस कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता वरून भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. आर-३२ या प्रकारचा गॅस तर काट्यावर वजन करूनच भरायला पाहिजे. किती ग्रॅम, ते मशीनच्या पाटीवर छापलेलं असतं. अंदाजाने भरणारा माणूस तुमचा कॉम्प्रेसर घालवतो.

मी त्याला म्हटलं, आत्ता जे बोललात तेच पुढच्या कामावर मोबाईल धरून बोला.

तो व्हिडिओ एक मिनिटाचासुद्धा नव्हता. आउटडोअर युनिटजवळची तांब्याची नळी, तिच्या जोडावरचा पितळी नट, आणि एका बोटाने त्यावर लावलेला साबणाचा फेस. दोन सेकंद काहीच होत नाही. मग फेसात एक बुडबुडा हळूहळू फुगतो, फुटतो, दुसरा येतो. मागून त्याचा आवाज, ‘हे पाहा. इथून चालला तुमचा गॅस. दोन वर्षांपासून भरून राह्यले ना, तो सगळा इथूनच गेला.’ पाना फिरतो, जोड आवळला जातो, पुन्हा फेस, आता बुडबुडा नाही. संपलं. ना संगीत, ना नाव, ना पोस्टर.

त्याने ते स्टेटसला ठेवलं. चोवीस तासांत ते जाणारच होतं, म्हणून मी त्याला फेसबुकवर आणि इन्स्टाग्रामवरही टाकायला लावलं. आकडे मी सांगणार नाही, आणि आकडे फार मोठे नव्हतेही. पण त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांनी तो आपापल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. त्यानंतर त्याला आलेल्या फोनवर लोक म्हणायला लागले, ‘तुम्ही लीक शोधता ना, ते करून द्या.’ जे पटवायला त्याला प्रत्येक दारात अर्धा तास लागायचा, ते आता लोक आधीच पटवून घेऊन फोन करतात. ज्या कामाचे त्याला पैसे मागायची लाज वाटायची, त्याच कामासाठी त्याला बोलावलं जातं. टेक्निशियनसाठी सोशल मीडियाचा अर्थ मला त्या बुडबुड्यात कळला. प्रामाणिक कारागिराचं निम्मं काम युनिटच्या मागे, फॉल्स सीलिंगच्या वर, जमिनीखाली होतं. कोणाला दिसत नाही, म्हणून कोणी किंमत देत नाही. ते दिसायला लागलं की तो आणि अंदाजाने गॅस भरणारा यांच्यातला फरकही दिसतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सगळं दाखवून टाकलं तर लोक घरीच करतील, आपल्याला कोण बोलावेल? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. ज्याच्या हातातली कला हीच त्याची इस्टेट, त्याला ती उघड्यावर ठेवायची भीती वाटणारच. उस्तादांनीही अर्धं राखूनच शिकवलेलं असतं. पण साबणाचा बुडबुडा पाहून कोणी चौथ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर हात घालत नाही. मोटार फिरायला मदत करणारा कपॅसिटर फुगलेला पाहून लोकांना एवढंच कळतं की आपल्या पंख्याचा आवाज येतो पण तो फिरत नाही, याचं कारण मोटार जळणं असेलच असं नाही. उलट लोक लवकर बोलावतात. आणि समजा एखाद्याने कूलरच्या ताट्या स्वतः बदलल्या, तर बदलू द्या. तुमचं पोट ताट्यांवर नाही.

काही गोष्टी तर लोकांनी स्वतः करायलाच हव्यात, आणि त्या सांगणं मी कर्तव्य मानते. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं मरतात. लोखंडी टाकी, ओली फरशी, अर्थिंग नसलेला प्लग, आणि कूलर चालू ठेवूनच पाण्याचा पाइप आत सोडलेला. महावितरण दरवर्षी आवाहन करतं, पेपरात चौकट येते. ती चौकट जे वाचत नाहीत ते आपल्या वस्तीतल्या कूलरवाल्याचं स्टेटस मात्र बघतात. म्हणून माझ्या वर्गातल्या प्रत्येक कूलरवाल्याला मार्चमध्ये एक व्हिडिओ करावाच लागतो: आधी बटण बंद, मग प्लग काढा, मग पाणी भरा, आणि तीन पिनांचाच प्लग वापरा. त्यातून एक रुपयाचं काम मिळालं नाही तरी चालेल. मिळतं, ही गोष्ट वेगळी.

भाषेचाही प्रश्न येतो. दारात जो माणूस झकास वऱ्हाडी बोलतो, तो मोबाईल समोर धरला की ‘नमस्कार दोस्तों, आज के इस वीडियो में’ असं सुरू करतो. आवाज बदलतो, मान ताठ होते. नागपुरात अर्धी गिऱ्हाइकं हिंदी बोलणारी आहेत, तेव्हा हिंदीला माझी ना नाही. ज्याची हिंदी घरची आहे त्याने हिंदीतच बोलावं. पण कोणाची तरी नक्कल करत बोलू नका. मी त्यांना सांगते, कॅमेऱ्याकडे बघूच नका. बिघडलेल्या वस्तूकडे बघा आणि शेजारी ती काकू उभी आहे असं समजून बोला. ‘आवाज येऊन राह्यला पण पंखा फिरून नाही राह्यला, असं झालं त पहिले हा कपॅसिटर पाहाचा.’ एवढं वाक्य पुरतं.

काही व्हिडिओ मी टाकू देत नाही, आणि यावर माझं वर्गात कडाक्याचं भांडणही होतं. बेल्ट न लावता छज्ज्यावर उतरून आउटडोअर बसवतानाचे व्हिडिओ. त्यांना सगळ्यात जास्त लोक बघतात, म्हणून पोरांना मोह होतो. मी म्हणते, तुमच्या आईला दाखवता येईल का हा? बेल्ट लावलेला असेल तर टाका, लोकांना कळू दे की बेल्ट लागतो आणि त्या कामाचे जास्तीचे पैसे का लागतात.

तसंच घराच्या आतलं चित्रीकरण. विचारल्याशिवाय मोबाईल काढायचा नाही. विचारल्यावर हो म्हटलं तरी भिंतीवरचे फोटो, कपाट, देव्हारा, लहान मुलं, दारावरची नावाची पाटी यातलं काही येता कामा नये. बिघडलेला पार्ट आणि आपला हात, चौकट एवढीच. बाहेर गॅलरीत नेऊन तळहातावर जुना आणि नवा पार्ट शेजारी शेजारी धरला तरी काम होतं. ज्या घराने विश्वासाने आत घेतलं त्या घराची खोली जगाला दाखवायची नसते. हे एकदा सांगितलं की पुरतं. या लोकांना घरांची अदब माझ्याहून जास्त कळते.

आणि धंद्याच्या नंबरावरून वाटेल ते पुढे ढकलायचं नाही. २०२४ च्या मेअखेर नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं आणि तो आकडा तासाभरात सगळ्यांच्या फोनवर होता. सेन्सर बिघडल्यामुळे चुकीची नोंद झाली, असं हवामान खात्याने मग स्पष्ट केलं. एसीवाल्यांनी तो आकडा हौसेने स्टेटसला लावला होता, धंद्याला बरा होता ना! मी विचारते, मीटर चुकीचं दाखवत असेल तर गिऱ्हाइकाच्या घरी तुम्ही काय करता? दुसऱ्या मीटरने तपासता. मग इथेही तेच करा. ज्याने खोटा आकडा पाठवला, त्याच्या ‘कॉम्प्रेसर गेला’ या शब्दावर लोक कसा विश्वास ठेवतील?

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल सगळ्यांनी करावं. दुकान नसलं तरी करता येतं, घरचा पत्ता लपवून फक्त आपण जातो त्या वस्त्या दाखवता येतात. नावापुढे ‘नागपुरातील नंबर एक’ वगैरे जोडू नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. रिव्ह्यू पैसे देऊन घेऊ नका. काम झाल्यावर, थंड हवा सुरू झालेली असते तेव्हाच रिव्ह्यूची लिंक पाठवा, संध्याकाळपर्यंत लोक विसरतात. वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका, ‘उद्या सकाळी येऊन पाहतो’ एवढं लिहा आणि खरंच जा.

नंबर चारचौघांत गेला की ठगही येतात. फोन येतो, ‘मी आर्मीतून बोलतोय, कॅम्पमध्ये दहा एसींची सर्व्हिसिंग आहे, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा.’ कामठीची छावणी आणि वायुसेनानगर जवळ असल्यामुळे नागपुरात ते खरंही वाटतं. पैसे घ्यायला कधीही स्कॅन करावं लागत नाही, पिन टाकावा लागत नाही, हे मी प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणवून घेते. फसलातच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा. ऐन सीझनमध्ये दहा एसींचं काम म्हटल्यावर भल्याभल्यांचा हात घाईने पुढे जातो.

दर लिहायचे की नाही, यावर वर्गात अजून एकमत झालेलं नाही. काहींचं म्हणणं, दर टाकला की शेजारचा पन्नास रुपये कमी टाकतो. काहींनी फक्त तपासणीचा आकार टाकला आणि ‘काम केलं तर बिलात वजा’ असं लिहिलं. त्यांचे फोन थोडे कमी झाले, पण जे येतात ते दारात घासाघीस करत नाहीत. कामं मिळवून देणाऱ्या काही ॲपवर एकच काम चार जणांना दाखवतात आणि शेवटी जो सगळ्यात कमी दर सांगेल त्याला ते मिळतं. तिथे पोळलेली मंडळी आता आपलं व्हॉट्सॲप बरं म्हणतात. माझं मत विचाराल तर तपासणीचा आकार लिहावाच. दहा वर्षं हातात पाना धरलेल्या माणसाने बिघाड ओळखायचे पैसे घ्यायला संकोचू नये. बिघाड ओळखणं हीच त्याची विद्या आहे.

पुढची तुकडी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात बसेल. तोवर एसीवाले मोकळे झालेले असतात आणि गिझरवाल्यांचा सीझन दूर असतो. इन्व्हर्टरवाल्यांची मात्र पावसाळ्यात वीज जाते म्हणून धावपळ असते, त्यांनी संध्याकाळची वेळ मागितली आहे. येताना फोन पूर्ण चार्ज करून आणा, स्वच्छ शर्ट घालून या, आणि अलीकडे बदललेला एखादा खराब पार्ट सोबत आणा.